आठावरून एकशे त्रेचाळीसवर: फ्रान्समधल्या अतिउजव्यांना रोखलं कुणी?

७ मे २०१७ च्या रात्री पॅरिसमध्ये लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडसमोर नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी जमलेल्या गर्दीला एक वचन दिलं. आपल्या प्रतिस्पर्धी, अतिउजव्या पक्षाच्या नेत्या मरीन ल पेन यांना ज्यांनी मत दिलं त्यांच्या मनात राग आहे, हतबलता आहे, हे त्यांनी मान्य केलं. पुढच्या पाच वर्षांत या लोकांना टोकाच्या पक्षांकडे जायला काही कारणच उरू नये म्हणून आपण शक्य ते सगळं करू, असं ते म्हणाले. पुढच्याच महिन्यात संसदेची निवडणूक झाली आणि ल पेन यांच्या पक्षाचे ८ खासदार निवडून आले. पाच वर्षांनी ते ८९ झाले. २०२४ मध्ये मित्रपक्ष धरून १४३.

हा सगळा काळ राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात मॅक्रॉनच होते. ल पेन यांना तिथे पाऊल टाकता आलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून ‘मध्यममार्गी नेत्याने अतिउजव्यांना रोखलं का’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लोक आपापले आकडे फेकतात आणि दोघांचेही आकडे बरोबर असतात. समर्थक सांगतात, समोरासमोर दोन लढती झाल्या आणि दोन्ही त्यांनी जिंकल्या. विरोधक त्याच लढतींमधला फरक दाखवतात: पहिल्या वेळी ६६ विरुद्ध ३४ टक्के, दुसऱ्या वेळी ५८.५ विरुद्ध ४१.५. ल पेन यांची मतं १ कोटी ६ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर गेली. खुर्चीपासून लांब ठेवणं आणि वाढ थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं, दुसरं झालं नाही, एवढं तर उघडच आहे. खरा वाद पहिलं काम केलं कुणी यावर आहे.

भिंत जुनीच

अतिउजव्यांभोवतीची भिंत, म्हणजे त्यांना सत्तेबाहेर ठेवण्यासाठी बाकीच्या पक्षांनी आणि मतदारांनी एकत्र येणं, मॅक्रॉन यांनी बांधलेली नाही. ती त्यांना आयती मिळाली. १९७२ मध्ये मरीन यांचे वडील ज्याँ-मारी ल पेन यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल फ्रंट हा पक्ष उभा राहिला, तेव्हा संस्थापकांमध्ये युद्धकाळात जर्मन गणवेश घातलेली माणसंही होती. १९७४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ल पेन यांना एक टक्काही मतं पडली नाहीत. १९८१ मध्ये तर उमेदवारीला लागणाऱ्या ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्याही जमल्या नाहीत. भिंतीची गरजच नव्हती.

गरज पडली १९८३ मध्ये, पॅरिसच्या पश्चिमेच्या द्रो या लहानशा शहरात. नगरपालिकेच्या फेरनिवडणुकीत फ्रंटच्या यादीला पहिल्या फेरीत जवळपास १७ टक्के मतं पडली. दुसऱ्या फेरीला तिथल्या उजव्या पक्षांनी सरळ आपली आणि फ्रंटची यादी एकत्र केली आणि नगरपालिका जिंकली. पॅरिसमध्ये काही जणांनी नाकं मुरडली, बरेच जण गप्प बसले. पुढच्याच वर्षी युरोपीय निवडणुकीत फ्रंट ११ टक्क्यांवर पोहोचला. तेव्हाचे समाजवादी पंतप्रधान म्हणाले होते की अतिउजवे खऱ्या प्रश्नांना खोटी उत्तरं देतात. ते वाक्य तेव्हा चतुराईचं वाटलं. प्रश्न कुठले हे ठरवण्याचा अधिकार त्यातून ल पेन यांच्याकडे गेला, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

१९८६ च्या निवडणुकीआधी राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी संसदेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आणली. उजव्यांचं बहुमत आटोक्यात राहावं हा हेतू लपलेला नव्हता. फ्रंटचे ३५ खासदार सभागृहात बसले. नव्या सरकारने लगेच जुनी दोन फेऱ्यांची पद्धत परत आणली. १९८८ मध्ये फ्रंटला मतं जवळपास तेवढीच, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, मिळाली. जागा मात्र ३५ वरून १ वर आल्या. अतिउजव्यांना रोखण्याचं श्रेय द्यायचंच असेल तर त्याचा मोठा वाटा या पद्धतीचा आहे. पहिल्या फेरीत माणूस मनातलं मत देतो आणि दुसऱ्या फेरीत नको असलेल्याला पाडतो.

२१ एप्रिल २००२ ची तारीख फ्रान्समध्ये अजून नुसत्या उच्चाराने ओळखली जाते. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत ल पेन (थोरले) १६.९ टक्के, समाजवादी पंतप्रधान १६.२. डावे बाहेर फेकले गेले. दुसऱ्या फेरीत डाव्या मतदारांनी भ्रष्टाचाराच्या आरोपांनी घेरलेल्या उजव्या राष्ट्राध्यक्ष शिराक यांना मतं दिली. ‘फॅसिस्टाला नको, लबाडाला मत द्या’ अशा अर्थाची घोषणा रस्त्यावर चालली. शिराक यांनी ल पेन यांच्याशी टीव्हीवर वादविवाद करायलाही नकार दिला आणि ८२ टक्के मतं घेतली. मग त्यांनी राज्य कसं केलं? नेहमीच्या उजव्या राष्ट्राध्यक्षासारखंच. ज्यांच्या मतांवर ८२ टक्के झाले त्यांना त्या सरकारात काही मिळालं नाही. पुढे मॅक्रॉन यांच्यावर जो आरोप झाला त्याची पहिली आवृत्ती ही होती.

२००७ चं उदाहरण मॅक्रॉन यांच्या सल्लागारांना प्रिय असावं असं वाटतं. त्या वर्षी उजव्या उमेदवाराने ‘स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख’ यांचं स्वतंत्र मंत्रालय काढण्याचं आश्वासन दिलं, फ्रंटच्या तोंडचे मुद्दे उचलले, आणि थोरले ल पेन १०.४ टक्क्यांवर घसरले. अतिउजव्यांची भाषा बोलून अतिउजव्यांना संपवता येतं, याचा हा एकमेव पुरावा फ्रान्सकडे आहे. तोही पाचच वर्षं टिकला. २०१२ मध्ये मुलीने १७.९ टक्के घेतले. मतदार नकलेपेक्षा अस्सल माल पसंत करतात, हे तिच्या वडिलांचं जुनं पालुपद होतं.

२०१४ मध्ये उत्तरेकडच्या कोळसा पट्ट्यातलं एनाँ-बोमाँ हे डाव्यांचं पिढीजात शहर फ्रंटने पहिल्याच फेरीत जिंकलं. खाणी बंद, कारखाने बंद, त्यात माजी समाजवादी महापौर सार्वजनिक पैशाच्या अपहारात अडकलेले. तेव्हा मॅक्रॉन यांचा पक्ष जन्मालाही आला नव्हता. डिसेंबर २०१५ च्या प्रांतिक निवडणुकीत फ्रंट पहिल्या फेरीत २७.७ टक्के घेऊन सर्वांत पुढे होता. दोन मोठ्या प्रांतांत तिसऱ्या आलेल्या समाजवाद्यांनी माघार घेतली. माघार म्हणजे पुढची सहा वर्षं त्या प्रांताच्या सभागृहात एकही सदस्य नाही. ती किंमत त्यांनी मोजली आणि दोन्ही प्रांत वाचले. उजव्या पक्षाच्या नेतृत्वाची अधिकृत भूमिका तेव्हा ‘माघारही नाही, यादी एकत्र करणंही नाही’ अशी होती. भिंतीला खांदा लावायचा तो बहुतेक वेळा डाव्यांनी, असा शिरस्ता तिथून पक्का झाला.

मध्य मोठा झाला, बाजू पडल्या

२०१७ मध्ये मॅक्रॉन ‘डावेही नाही, उजवेही नाही’ म्हणत आले आणि दोन्हीकडची माणसं घेऊन गेले. २०१२ च्या पहिल्या फेरीत समाजवादी आणि पारंपरिक उजवे या दोन पक्षांना मिळून जवळपास ५६ टक्के मतं होती. २०२२ मध्ये त्याच दोन पक्षांना मिळून साडेसहा. समाजवादी उमेदवार तर दोन टक्क्यांच्याही खाली गेली. हा बदल मॅक्रॉन यांच्या यशाचा पाया आहे आणि अडचणीचाही. पूर्वी सरकारला कंटाळलेला माणूस समोरच्या मोठ्या पक्षाकडे जायचा. आता सरकार मध्यात बसलेलं. दोन्ही बाजूंचे जुने मुक्काम मोडून पडलेले. उरल्या दोन टोकांच्या जागा. मॅक्रॉन यांनी ‘मी किंवा अतिउजवे’ असं चित्र उभं केलं, आणि दहा वर्षांत कधी ना कधी ‘मी’ नकोसा होणारच.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. ल पेन घराण्याची मतं २००७ चा अपवाद सोडला तर सतत चढतीच होती. शेजारच्या इटलीत मॅक्रॉन नव्हते, तिथे २०२२ मध्ये अतिउजव्या मुळांचा पक्ष थेट सत्तेवर आला. जर्मनीत २०२५ मध्ये तशाच पक्षाने आपली मतं दुप्पट केली. ३ मे २०१७ च्या टीव्ही वादविवादात मॅक्रॉन यांनी ल पेन यांना युरो सोडण्याच्या मुद्द्यावर अक्षरशः उघडं पाडलं. त्या हातातले कागद चाळत राहिल्या. ते यश निखळ त्यांचं. पण त्यानंतर पक्षाने युरो सोडण्याची भाषाच टाकून दिली, २०१८ मध्ये नाव बदलून ‘नॅशनल रॅली’ केलं, आणि निवृत्त लोकांच्या मनातली बचत बुडण्याची भीती कमी केली. वडिलांना मुलीने २०१५ मध्येच पक्षातून काढलं होतं. मॅक्रॉन यांनी ल पेन यांच्या भूमिकेतला कच्चा दुवा दाखवून दिला आणि त्यांनी तो दुरुस्त करून घेतला.

मधल्या काळात पिवळ्या जाकिटांचं आंदोलन, महासाथ, पेन्शन या सगळ्यातून सरकारविषयीचा राग साठत गेला. त्याच्या तपशिलात जायला नको. एक छोटा प्रसंग मात्र नोंदवण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टीव्हीवर मॅक्रॉन यांच्या गृहमंत्र्यांनी ल पेन यांना ‘तुम्ही जरा मवाळ पडता आहात’ अशा अर्थाचा टोला मारला. स्टुडिओत तो डाव जमला असेल. बाहेर निरोप असा गेला की या बाई आता एवढ्या भयंकर राहिलेल्या नाहीत, मंत्री त्यांच्यापेक्षा कडक आहेत.

२०२२ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आल्यावर मॅक्रॉन यांनी कबूल केलं की अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, अतिउजव्यांना अडवण्यासाठी मत दिलं आहे आणि त्या मतांचं आपल्यावर ऋण आहे. दोन महिन्यांनी संसदेत नॅशनल रॅलीच्या दोन खासदारांची सभागृहाच्या उपाध्यक्षपदी निवड झाली. मतदान गुप्त. पक्षाची स्वतःची मतं ८९, मिळाली २८० च्या वर. प्रत्येक गटाला पद देण्याची सभागृहाची प्रथा आहे, असा खुलासा झाला. प्रथा आहे खरी. ऋण फेडण्याची ही रीत मात्र अजब होती.

डिसेंबर २०२३ चा एक कायदा आणि एक वजाबाकी

भिंत कुठे खचली याचं उत्तर शोधायचं तर माझ्या मते २०२४ च्या निवडणुकांपेक्षा त्याआधीचा एक आठवडा पाहायला हवा.

स्थलांतराच्या विधेयकाची सुरुवात समतोल साधत झाली होती. ज्या धंद्यांत माणसं मिळत नाहीत, म्हणजे हॉटेलांची स्वयंपाकघरं, बांधकामं वगैरे, तिथे कागदपत्रांविना राबणाऱ्यांना परवाना द्यायचा, आणि गुन्हेगार परदेशी माणसाला देशाबाहेर काढणं सोपं करायचं. चांगल्यांशी चांगलं, वाईटांशी वाईट, अशी गृहमंत्र्यांची त्यामागची भाषा. उजव्यांचं बहुमत असलेल्या सिनेटने ते आणखी कडक केलं. ११ डिसेंबर २०२३ ला ते खालच्या सभागृहात आलं, आणि चर्चा सुरू होण्याआधीच ग्रीन पक्षाचा फेटाळणीचा प्रस्ताव २७० विरुद्ध २६५ मतांनी मंजूर झाला. डावे, पारंपरिक उजवे आणि नॅशनल रॅली, तिघांनी एकाच बाजूने मत दिलं. सरकारची पुरती नाचक्की झाली.

इथे विधेयक मागे घेता आलं असतं. सिनेटकडे पुन्हा पाठवता आलं असतं. राष्ट्राध्यक्षांनी तिसरा रस्ता धरला: दोन्ही सभागृहांचे सात-सात सदस्य असलेली संयुक्त समिती. त्या समितीत सरकारला पारंपरिक उजव्यांशिवाय गत्यंतर नव्हतं आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. १८ आणि १९ डिसेंबरला बंद दाराआड सौदा झाला. बाहेर आलेल्या मजकुरात नोकरी नसलेल्या परदेशी रहिवाशाला काही सामाजिक भत्त्यांसाठी पाच वर्षं थांबण्याची अट होती. फ्रान्समध्ये जन्मलेल्या परदेशी आईबापांच्या मुलाला सज्ञान होताना नागरिकत्व आपोआप न मिळता मागावं लागणार होतं. कुटुंबाला बोलावून घेणं अवघड झालं होतं. परदेशी विद्यार्थ्यांकडून अनामत रक्कम घ्यायची तरतूद होती. मूळ विधेयकातला कामगारांचा परवाना उरला तो जिल्हा प्रशासनाच्या मर्जीवर.

भत्त्यांची अट कळीची होती. नागरिक आधी, परदेशी नंतर, ही ‘राष्ट्रीय प्राधान्या’ची मागणी फ्रंट अनेक दशकं करत आला होता आणि बाकी सगळे पक्ष तिला घटनाबाह्य म्हणत आले होते. ल पेन यांनी शांतपणे जाहीर केलं की आमचे खासदार बाजूने मत देतील. हा आमच्या विचारांचा विजय आहे, असंही त्या म्हणाल्या. बोलणी करायला नाही, दुरुस्ती सुचवायला नाही, त्या फक्त निकालाच्या वेळी येऊन सही करून गेल्या.

१९ डिसेंबरच्या रात्री विधेयक ३४९ विरुद्ध १८६ मतांनी मंजूर झालं. नॅशनल रॅलीची ८८ मतं बाजूने. सत्ताधारी आघाडीतल्या २७ खासदारांनी विरोधात मत दिलं आणि ३२ तटस्थ राहिले. सरकारचं म्हणणं असं: ३४९ मधून ८८ वजा करा, २६१ उरतात, ते १८६ पेक्षा जास्तच; म्हणजे कायदा नॅशनल रॅलीच्या मतांवर झालेला नाही. हिशेब चुकीचा नाही. पण तो धरून चालतो की ते ८८ जण घरी बसले असते. ते विरोधात गेले असते तर? तेच तर आठवड्यापूर्वी घडलं होतं. तेव्हा २६१ विरुद्ध २७४ होतात आणि विधेयक पडतं. ल पेन यांच्या हातात त्या रात्री जीवदान द्यायचं की नाही हा निर्णय होता, आणि त्यांनी जीवदान दिलं. त्या वजाबाकीवर पॅरिसमध्ये पुढे कित्येक दिवस वाद चालला. तो करावा लागला यातच बरंचसं आलं.

आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. डाव्यांच्या ताब्यातल्या ३२ जिल्ह्यांनी वृद्धांच्या भत्त्याबाबतची तरतूद राबवणार नाही म्हणून सांगितलं. गृहमंत्र्यांनी सिनेटमध्ये उभं राहून मान्य केलं होतं की यातल्या काही तरतुदी उघडउघड घटनेविरुद्ध आहेत. सरकार स्वतः घटनाबाह्य म्हणत असलेला मजकूर स्वतःच मंजूर करून घेतं आणि तो घटनात्मक परिषद (कायदा घटनेत बसतो की नाही हे तपासणारी संस्था) रद्द करील अशी आशा बाळगतं, असा हा प्रकार. दुसऱ्या दिवशी मॅक्रॉन टीव्हीवर म्हणाले की हा कायदा म्हणजे आपल्याकडे आजवर नसलेली ढाल आहे. मग त्यांनी स्वतःच तो परिषदेकडे पाठवला.

२५ जानेवारी २०२४ ला परिषदेने ८६ कलमांपैकी ३५ पूर्णतः किंवा अंशतः काढून टाकली. त्यातली ३२ मूळ विधेयकाशी संबंध नाही म्हणून, म्हणजे प्रक्रियेच्या मुद्द्यावर. त्यांच्यात चूक आहे की नाही हे परिषदेने तपासलंच नाही. उद्या नीट विधेयक आणलं तर ती परत येऊ शकतात. त्या दिवशी मॅक्रॉन जयपूरला होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे कायद्यावर जी तारीख आहे त्या २६ जानेवारीला, ते दिल्लीत कर्तव्यपथावर प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते आणि २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत असं उद्दिष्ट त्यांनी जाहीर केलं. परदेशी विद्यार्थ्यांची अनामत आदल्याच दिवशी रद्द झाली नसती तर त्या घोषणेचं काय झालं असतं, हा विचार पुण्या-मुंबईतल्या फ्रेंच शिकणाऱ्या पोरांनी करून पाहावा.

त्यानंतर काही दिवसांतच नव्या तरुण पंतप्रधानांनी सांगितलं की संसदेत निवडून आलेले सगळेच प्रजासत्ताकाच्या चौकटीत, म्हणजे ज्यांच्याशी मिळून काम करता येतं अशांत, येतात. थोड्याच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांनी मुलाखतीत सांगितलं की नॅशनल रॅली त्या चौकटीत आहे असं आपण कधीच मानलेलं नाही. पंतप्रधान नेमलेला त्यांनीच.

दोन रविवारांमधले सहा दिवस

९ जून २०२४ ला युरोपीय निवडणुकीत नॅशनल रॅलीला ३१.४ टक्के आणि राष्ट्राध्यक्षांच्या यादीला १४.६ टक्के मतं पडली. निम्म्याहून कमी. नॅशनल रॅलीच्या तरुण पक्षाध्यक्षाने संसद बरखास्तीची मागणी केली आणि तासाभरात राष्ट्राध्यक्षांनी ती पूर्ण केली. त्यांच्या जवळच्या लोकांनाही हे ऐन वेळी कळलं. लोकांनी काय ते स्पष्ट करावं, हे कारण दिलं गेलं. पारंपरिक उजव्या पक्षाच्या अध्यक्षाने लगेच नॅशनल रॅलीशी हातमिळवणी जाहीर केली, सहकारी खवळले तेव्हा पक्षकार्यालयाला कुलूप घातलं, आणि सरचिटणीसांनी जास्तीची किल्ली काढून दार उघडलं. चाळीस वर्षांची भिंत आणि तिच्या दारावर ही असली झटापट.

३० जूनच्या पहिल्या फेरीत नॅशनल रॅली आणि मित्रांना ३३ टक्के. ३०० हून जास्त मतदारसंघांत दुसऱ्या फेरीत तिरंगी लढतीची शक्यता होती, आणि तशी लढत झाली असती तर नॅशनल रॅलीला स्पष्ट बहुमत मिळण्याची चिन्हं होती. अर्ज भरायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत दोनशेहून अधिक उमेदवारांनी माघार घेतली. त्यातले साधारण १३० डाव्या आघाडीचे आणि ८० च्या आसपास राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे होते.

कोण कुणासाठी मागे हटलं ते पाहण्यासारखं आहे. कॅल्व्हादोस जिल्ह्यात पेन्शनची सुधारणा संसदेत मतदानाशिवाय रेटून नेणाऱ्या माजी पंतप्रधान उभ्या होत्या. तिथे तिसऱ्या आलेल्या कडव्या डाव्या उमेदवाराने माघार घेतली आणि त्या ५६ टक्क्यांनी जिंकल्या. नॉर जिल्ह्यात स्थलांतर कायदा आणणारे गृहमंत्री स्वतः होते. त्यांच्यासाठीही त्याच डाव्या पक्षाची उमेदवार हटली. ज्यांच्याविरुद्ध वर्षभर मोर्चे काढले त्यांनाच मत द्या, असं सांगत ही माणसं घरोघरी गेली. उलट बाजूला राष्ट्राध्यक्षांच्या गोटातून वेगवेगळे आवाज येत होते. दोन्ही टोकांचे कार्यक्रम देशाला यादवीकडे नेतील, असं खुद्द राष्ट्राध्यक्षच आठवडाभरापूर्वी म्हणाले होते. काही बड्या नेत्यांनी कडव्या डाव्यांना मत देऊ नका म्हणून सांगितलं. तरी सोम जिल्ह्यात मध्यममार्गी पक्षाची एक उमेदवार एका डाव्या खासदारासाठी मागे हटली, आणि तो थोडक्यात वाचला.

मतदारांचं वागणंही याच धर्तीचं. निकालाच्या दिवशीच्या एका मोठ्या पाहणीनुसार मध्यममार्गी विरुद्ध नॅशनल रॅली अशी लढत असेल तिथे दहातल्या सात डाव्या मतदारांनी मध्यममार्ग्याला मत दिलं. कडवे डावे विरुद्ध नॅशनल रॅली असेल तिथे मध्यममार्गी मतदारांपैकी निम्म्यांनीही डाव्याला मत दिलं नाही. ७ जुलैला नॅशनल रॅली आणि मित्रांना एक कोटीहून जास्त, म्हणजे सगळ्यांत जास्त मतं मिळाली आणि जागांमध्ये मात्र ते तिसरे आले: १४३. भिंत उभी राहिली. ती मुख्यतः डाव्यांनी आणि अनोळखी, तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी धरून ठेवली.

मग राष्ट्राध्यक्षांनी पत्र लिहून सांगितलं की या निवडणुकीत कुणीच जिंकलेलं नाही. सर्वांत मोठ्या, म्हणजे डाव्या आघाडीने सुचवलेलं पंतप्रधानपदाचं नाव त्यांनी नाकारलं. सप्टेंबरमध्ये पन्नासही खासदार नसलेल्या पारंपरिक उजव्या पक्षातला पंतप्रधान नेमला. डावे अविश्वास आणणार हे ठरलेलं, तेव्हा सरकारचं आयुष्य नॅशनल रॅलीच्या हातात गेलं. नोव्हेंबरअखेर अर्थसंकल्पावर ल पेन मागण्या करत गेल्या आणि पंतप्रधान सोडत गेले: विजेवरच्या करवाढीचा बेत रद्द, औषधांच्या भरपाईतली कपात रद्द. शेवटच्या सवलतीच्या सरकारी निवेदनात तर ल पेन यांचं नाव घेतलेलं होतं. दोन दिवसांनी, ४ डिसेंबरला, त्यांच्याच खासदारांच्या मतांसह ३३१ मतांनी सरकार पडलं. पुढचं सरकार सप्टेंबर २०२५ मध्ये विश्वासदर्शक ठरावावर कोसळलं.

या काळात ल पेन यांना खरा अडथळा आला तो न्यायालयाचा. ३१ मार्च २०२५ ला युरोपीय संसदेच्या पैशांच्या अपहाराबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी आली, तीही तात्काळ लागू. त्यांनी अपील केलं. पक्षाने तरुण अध्यक्षाचं नाव पुढे करायला सुरुवात केली आणि पाहण्यांमध्ये आकडे खाली आले नाहीत.

३० ऑक्टोबर २०२५ ला नॅशनल रॅलीने मांडलेला ठराव खालच्या सभागृहात प्रथमच मंजूर झाला. अल्जीरियाच्या नागरिकांना फ्रान्समध्ये राहण्यासाठी सवलती देणारा १९६८ चा करार मोडावा, अशी मागणी त्यात होती. बाजूने १८५, विरोधात १८४. ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. सत्ताधारी आघाडीतल्या एका माजी पंतप्रधानाच्या पक्षाच्या खासदारांनी बाजूने मत दिलं, आणि राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाच्या बाकांवर बरेच जण त्या सकाळी आलेलेच नव्हते. मॅक्रॉन यांची मुदत २०२७ च्या मे महिन्यात संपते. सलग तिसऱ्यांदा उभं राहायला घटनेची परवानगी नाही, आणि त्यांच्या जागी मध्यातून कोण उभं राहणार यावर त्यांच्याच माजी पंतप्रधानांमध्ये चढाओढ लागली आहे.